तीन अक्षरांचं गाव

"गाव अर्धंच राहिलंय गं तुझ्या पावतीवर," असं म्हणत बाईंनी कागद माझ्यापुढे धरला. जानेवारीतली सकाळ होती. धुकं विरून ऊन नुकतं कुठे वाचनालयाच्या चौकात उतरलं होतं, आणि त्या उन्हात खुर्ची ओढून घेऊन बाई वर्षाची वर्गणी भरायला बसल्या होत्या. हातात लोकरीचे मोजे, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत परत करायची दोन पुस्तकं आणि गजकचा पुडा. एका हाताचा मोजा काढून त्यांनी जिथे बोट ठेवलं, तिथे मी वाकून पाहिलं. 'जनकगंज, लष्कर, ग्वाल्ह', आणि त्यापुढे एक काळा हिरा, हिऱ्याच्या पोटात पांढरं प्रश्नचिन्ह. बाई रागावल्या नव्हत्या. पहिलीच्या मुलांकडून वर्षानुवर्षं अक्षरं गिरवून घेतलेलं माणूस 'इथे मात्रा राहिली बघ' ज्या आवाजात म्हणतं, त्याच आवाजात त्या बोलल्या. मी पेन घेतलं, काळ्या हिऱ्यावर काट मारली, वर 'ग्वाल्हेर' लिहून सही केली. त्यांनी पावतीची घडी करून पिशवीत ठेवली आणि नवी पुस्तकं बघायला कपाटांकडे गेल्या. मी मात्र दिवसभर त्या पावतीपाशीच होते.

ती पावती माझीच. म्हणजे ती छापणारा प्रोग्रॅम माझा. २०१० सालच्या उन्हाळ्यात मी तो रात्री बसून लिहिला होता. आमच्या गावचा उन्हाळा ज्यांनी सोसलाय त्यांना त्या रात्री वेगळ्या सांगायला नकोत. खिडकीत कूलर घरघरतोय, ओल्या वाळ्याचा वास खोलीभर, आणि कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक जाडजूड पुस्तक. वाचनालयाची सभासद-वही तेव्हा तीन जाड रजिस्टरांत होती. ती मी एकेक पान करून संगणकात उतरवली आणि वर्गणी, पुस्तकांची देवघेव, पावत्या असं सगळं पीएचपी या वेबसाइटसाठीच्या संगणकभाषेत बांधलं. पीएचपीच का, याचं खरं उत्तर असं की मला तीच येत होती, तीच स्वस्तातल्या होस्टिंगवर चालत होती, आणि रात्री काही बंद पडलं तर फोन उचलणाऱ्या ओळखीच्या मुलालाही तीच येत होती. बाकीच्या भाषांशी तिची तुलना वगैरे मी काही केली नव्हती.

गेल्या महिन्यात कार्यकारिणीनं एक साधी गोष्ट सुचवली. मुलांकडे पुण्याला, इंदूरला राहायला गेलेले कितीतरी जुने सभासद अजून वर्गणी भरतात, तेव्हा पावतीवर पत्त्याबरोबर गावही यावं. मी पत्त्याला गाव जोडलं आणि तपासायला वाचनालयाचाच पत्ता घातला: 'बाडा, लष्कर, ग्वाल्हेर'. छान उमटला. मी निश्चिंत झाले.

बाड्यावर गाव पुरं, जनकगंजात अर्धं.

संध्याकाळी भाचा आला. तो इथेच शेवटच्या वर्षाला आहे, आठवड्यातून दोनदा माझ्याकडे जेवायला असतो. गेले काही महिने त्याचा एकच प्रश्न चालू आहे: वेबसाठी कोणती भाषा घेऊ? मित्र एक सांगतात, सीनियर दुसरं, नोकरीच्या जाहिराती तिसरंच. मी त्याला बाईंची पावती सांगितली, तर ताट पुढे ओढत तो म्हणाला, "मावशी, पीएचपी अजून कोण वापरतं? आता सोड की ती. नव्या भाषांत असलं होतच नाही." तो सहज बोलला होता, तरी मला ते लागलं. ज्या भाषेत मी पंधरा वर्षं घर चालवलं, माणसांची कामं केली, तिच्याबद्दल कुणी असं बोललं की आपल्या माहेराबद्दल बोलल्यासारखं होतं. आणि मराठी विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो तेही पीएचपीतच लिहिलेलं आहे, हे तोंडावर आलं होतं. पण मी गप्प राहिले. कारण चूक तर झालीच होती, आणि ती का झाली हे त्याला कागदावर मांडून दाखवणं मला जास्त गरजेचं वाटलं.

जेवणं झाल्यावर तेच मांडलं. संगणक मजकूर बाइटांत ठेवतो. आता सगळीकडे चालणाऱ्या युटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. व्यंजन एक चिन्ह, मात्रा एक, अनुस्वार एक, आणि पाय मोडायचा हलन्त तोही एक. ग्वाल्हेर लिहायला ग, हलन्त, व, काना, ल, हलन्त, ह, मात्रा, र अशी नऊ चिन्हं लागतात, म्हणजे २७ बाइट. 'जनकगंज' सहा चिन्हांचं, 'लष्कर' पाच. एकूण वीस चिन्हांचे ६० बाइट, वर दोन स्वल्पविराम आणि दोन मोकळ्या जागा मिळून ६४. आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये २०१० पासून एक ओळ होती: पत्त्याचे पहिले ६० घ्या, पुढचं सोडा. तेव्हा पावतीचा कागद चिंचोळा होता, आणि ६० अक्षरांपेक्षा लांब पत्ता लष्करात कुणाचा असणार, असा माझा हिशोब. पीएचपीचं ते साधं फंक्शन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. ६४ मधले शेवटचे चार गेले. तीन 'र'चे आणि एक मात्रेचा. तीनातले दोन बाइट उरलेल्या त्या मात्रेचं ब्राउझरनं काय करावं? त्यानं काळा हिरा ठेवला. बाड्याचा पत्ता मोजला तर ५८ भरला. दोन बाइटांनी वाचला होता.

भाच्यानं तोच जनकगंजचा पत्ता इंग्रजीत लिहून मोजला. २७. पूर्ण पत्त्याला इंग्रजीत जितकी जागा लागते, तितकी मराठीत एकट्या ग्वाल्हेरला लागते. आम्ही दोघंही त्या आकड्याकडे बघत राहिलो.

मग त्यानं लॅपटॉप उघडला आणि आम्ही एक खेळच मांडला. एकेका भाषेला विचारायचं, 'ग्वाल्हेर' किती लांब? पीएचपी म्हणाली २७. पायथन म्हणाली ९. जावास्क्रिप्ट ९, रुबी ९, जावा ९. भाचा खूश झाला, "बघ, म्हटलं नव्हतं!" मी म्हटलं, गो आणि रस्टला विचार. नव्या पिढीच्या भाषा, त्याचे मित्र ज्यांची नावं आदरानं घेतात त्या. दोघींचं उत्तर २७. तो थबकला. त्यातून गो तर अशा लोकांनी बनवलेली, की ज्यांच्यापैकी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनीच १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर युटीएफ-८ची मांडणी केली. म्हणजे ज्यांनी जगाच्या सगळ्या लिप्यांना एका पंक्तीत बसवलं त्यांच्या भाषेलाही 'लांबी' विचारली की ती बाइटच सांगते. त्यांना अक्षरं कळत नाहीत असं मुळीच नाही. अक्षर म्हणजे काय याला एकच उत्तर नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून ते निदान खात्रीनं मोजता येईल तेवढंच सांगतात. चिन्हं मोजायची तर वेगळं विचारा, मग गोही ९ म्हणते. पीएचपीतही चिन्हं मोजणारं दुसरं फंक्शन आहे, आणि २०१० मध्येही होतं. मी ते वापरलं नव्हतं. हा दोष भाषेच्या पदरात टाकून मला मोकळं होता येणार नाही.

पण भाषेचंही काही देणं आहे. पीएचपीची सहावी आवृत्ती युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना एकेक क्रमांक देणारी पद्धत, पोटात घेऊन येणार, असं तेव्हा सांगितलं जात होतं. मी त्या आवृत्तीची पाहुण्याची बघावी तशी वाट बघत होते. कारण वाचनालयाच्या कामाचा पहिला दिवस मला विसरता येत नाही. डेटाबेस नवाच मांडला होता, पहिली दहा नावं भरली, पान पुन्हा उघडलं, आणि नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. रांगेनं, शिस्तीत, जितकी चिन्हं तितकी प्रश्नचिन्हं. मायएसक्यूएल या माझ्या डेटाबेसनं कुणी न विचारता पश्चिम युरोपची वर्णमाला धरली होती. ती तिची ठरलेली सवय २०१८ साली आठव्या आवृत्तीत बदलली. मी सेटिंग बदलून नावं परत भरली, पण आपली लिपी त्या यंत्राच्या हिशोबातच नव्हती, ही बोचणी राहिली. आणि पीएचपी ६? ती आलीच नाही. २०१० मध्ये ते काम गुंडाळलं गेलं आणि पाचनंतर एकदम २०१५ मध्ये सातवी आवृत्ती आली. सातवी वेगवान होती, पण तिनं डेटाबेसशी बोलायची माझी जुनी फंक्शनं काढून टाकली, आणि त्यापायी माझे तीन रविवार गेले. युनिकोडचं राहिलं ते राहिलंच.

तरी त्या रात्री ज्या गोष्टीनं माझं मत हललं ती वेगळीच. भाच्यानं पायथनमध्ये माझीच ओळ लिहिली: पत्ता ६० वर तोड. पत्ता तुटला नाही, कारण पायथनच्या लेखी तो २४ चा. हे मी मान्य केलं. ही आजची पायथन वापरली असती तर बाईंचं गाव पावतीवर पुरं छापलं गेलं असतं. मग मी त्याला म्हटलं, आता कागद आणखी लहान आहे असं समज आणि 'काळे' हे आडनाव तीनवर तोड. क, काना, ळ, मात्रा अशी चार चिन्हं. त्यानं तोडलं. पडद्यावर आलं: काळ.

कुठेही हिरा नाही, प्रश्नचिन्ह नाही. शुद्ध, नेटका मराठी शब्द.

आम्ही दोघं जरा वेळ बोललोच नाही. इथल्या मराठी माणसाला 'ळ' गमावण्याची सवय आहे. हिंदी दफ्तरात काळ्यांचे काले होतात, गोखल्यांना कुणी हात लावत नाही पण केळकरांचे केलकर होतात, आणि आम्ही ते दुरुस्त करायचं सोडून दिलंय. पण यंत्रानं 'काळे'चा 'काळ' करावा आणि त्यात त्याला काही वावगं वाटू नये, हे बघून अंगावर काटा आला. पीएचपीनं तोडलं ते ओबडधोबड तोडलं, अक्षराच्या आतूनच. म्हणून ते दिसलं. बाईंना दिसलं, मला दिसलं. पायथननं सफाईनं तोडलं असतं आणि पुढची दहा वर्षं कुणाला काही कळलं नसतं. पायथन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, मला ती मनापासून आवडते. पण भाषा चुकते तेव्हा ओरडते की गप्प बसते, हे मी आजवर कधी पाहिलंच नव्हतं. वेगाचे तक्ते पाहिले होते, लोकप्रियतेचे पाहिले होते.

भाचा हे सगळं एका वहीत लिहून घेत होता आणि मोजताना पहिल्या चिन्हाला शून्य म्हणत होता, दुसऱ्याला एक. बहुतेक भाषांत तसंच मोजतात. मला एकदम बाबा आठवले. सुट्टीत ते आम्हाला ग्वाल्हेर दरवाजाकडून किल्ला चढवायचे आणि वाटेत खडकात कोरलेल्या चतुर्भुज मंदिरापाशी थांबवायचे. दगड उन्हानं तापलेला असे आणि आत शिरलं की वटवाघळांचा वास येई. बाबा शिलालेखावर बोट फिरवत, पण दगडाला न लावता, वितभर अंतरावरून. इसवी सन ८७६ चा तो लेख. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली, रोज ५० हार द्यायचे, असा साधा व्यवहार. त्या २७० मधलं शून्य बाकीच्या आकड्यांहून लहान आहे, जरासं वर उचललेलं. मी लहानपणी विचारलं होतं, एवढंसंच का? बाबांनी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. भाच्याला मी सांगितलं, की तुझी मोजणी जिथून सुरू होते ती खूण दगडावर लिहिलेली सापडते अशा जगातल्या सर्वांत जुन्या जागांपैकी एक आपल्या गावात आहे. त्याला ठाऊक होतं. शाळेतून नेलं होतं म्हणाला. मग आम्ही परत पत्त्याकडे वळलो.

रात्री उशिरा त्यानं मूळ प्रश्न पुन्हा काढला. मग घेऊ कोणती? पीएचपी, जावास्क्रिप्ट, रुबी आणि जावा, चौघीही १९९५ मध्ये जगासमोर आल्या आणि पायथन त्यांच्याहून चार वर्षांनी थोरली. तेव्हा नवी-जुनी हा हिशोब आधी डोक्यातून काढ, एवढं मी पहिल्यांदा म्हटलं. जावास्क्रिप्टला सुटका नाही, कारण ब्राउझरला तीच समजते. ब्रेंडन आइकनं ती दहा दिवसांत उभी केली आणि त्या घाईच्या खुणा तिच्यावर अजून आहेत, तरी ती यायलाच हवी. प्रश्न सर्व्हरचा, म्हणजे पानं तयार करून पाठवणाऱ्या संगणकाचा आहे. पीएचपीत प्रत्येक हाकेला प्रोग्रॅम नव्यानं उठतो, काम करतो आणि सगळं विसरून झोपतो. एक पान कोसळलं तरी पुढच्या माणसाला दुसरं पान मिळतं. नोडमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच सर्व्हरवर चालवायची तर, तोच प्रोग्रॅम सतत जागा असतो. त्यामुळे हजारो लोकांशी एका वेळी बोलणं त्याला जमतं, पण तो पडला तर त्याला उठवणारं कुणी ठेवावं लागतं. शिवाय तिथे लहानसहान कामालाही दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार कोड, म्हणजे पॅकेज, आणायची रीत. २०१६ च्या मार्चमध्ये अकरा ओळींचं एक पॅकेज त्याच्या कर्त्यानं काढून घेतलं आणि जगभर मोठमोठ्यांची कामं अडली. त्या अकरा ओळी करत काय होत्या, तर मजकुराची लांबी मोजून डाव्या बाजूला जागा भरायच्या. लांबीच, पुन्हा.

"म्हणजे पीएचपीच," तो म्हणाला. मी म्हटलं, वाचनालयासाठी, हो. कारण तिथे पुढं-मागं काही बिघडलं तर मी आहे, आणि मी नसले तर बाड्याच्या आसपासच्या कुठल्याही दुकानदाराची वेबसाइट सांभाळणारा मुलगा ती उघडून वाचू शकेल. नोड किंवा गो मी आवडीनं बसवली आणि उद्या मला गाव सोडावं लागलं, तर वर्गणी पुन्हा रजिस्टरात लिहायची वेळ येईल. तुझं तसं नाही. तू अजून शिकतोयस, तुला जिथे जायचंय तिथे तुझ्या शेजारी दहा जण बसलेले असतील. तू पायथन घे, तिच्यातला वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, जँगो, तो घे. त्यात नोंदी भरायची पानं आयती मिळतात, कारकुनाला पहिल्या दिवसापासून काम करता येतं. मला २०१० मध्ये ती पानं लिहायलाच दोन महिने लागले होते. हे सांगताना मला थोडा हेवा वाटला, आणि थोडं वाईटही. आपण ज्या वाटेनं आलो ती त्याला नको सांगताना वाटतं तसं.

अक्षरं अक्षरांसारखी मोजायची सोयही असते. आम्ही तीही करून पाहिली. भाच्याच्या लॅपटॉपवर ग्वाल्हेर ३ आलं, माझ्या जुन्या सर्व्हरवर ५: ग्, वा, ल्, हे, र. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. माझ्या सर्व्हरवरचं सगळं त्याआधीचं. मी ते फंक्शन वापरणार होते. मग लक्षात आलं, की मुळात तोडायचं कशाला? चिंचोळा कागद कधीच गेला, आता साध्या कागदावर छापतो. मी ती ओळच पुसली. जिच्यासाठी इतकी रात्र झाली ती अर्ध्या मिनिटात गेली.

दुसऱ्या दिवशी नवी पावती घेऊन मी जनकगंजात गेले. बाई गच्चीवर उन्हात मटार सोलत होत्या. चष्मा लावून त्यांनी पावती वाचली. पत्ता आता दोन ओळींत आला होता, आणि दुसऱ्या ओळीवर गाव एकटंच. त्यांनी मटाराचा हिरवा रंग लागलेलं बोट कागदापासून जरा वर धरलं आणि पहिलीच्या मुलाला दाखवावं तसं म्हणाल्या, "ग्वा. ल्हे. र." मग पिशवीतून कालची पावती काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, असू दे की बाई तुमच्याकडे. त्या म्हणाल्या, "वर्गणी एकदा भरलीय. एका क्रमांकाच्या दोन पावत्या बाहेर राहायला नकोत."

ती माझ्या पेनाच्या सहीची पावती भाच्यानं मागून नेली. त्याच्या नव्या प्रोजेक्टमध्ये तपासणीसाठी पत्त्यांची एक यादी असते. त्यातला पहिला पत्ता जनकगंजचा आहे, त्याच्या खालच्या ओळीत नुसतं आडनाव, काळे.